मोकलचा रिलीव्हर

मोकलबद्दल लिहायला बसलो की आधी चीड येते. बावीस वर्षं मी या माणसाबरोबर पेण ते धाटाव एकाच कंपनी बसने प्रवास केला, आणि त्यातली निदान वीस वर्षं त्याच्यावर वैतागण्यात घालवली. समोर मी त्याला मोकलमामा म्हणत असे, तुम्ही म्हणत असे. मनात मात्र एकेरीच. सतत चिडलेल्या माणसाला आदरार्थी बहुवचन परवडत नाही.

मी, वैद्य, लॅबमध्ये केमिस्ट, तो प्लांटवर ऑपरेटर. बारीक, काळा, कानात कापूस, खिशाला दोन पेनं. बसमध्ये डावीकडची तिसरी खिडकी त्याची. तिथे नवा कोणी बसला तर मोकल भांडत नसे, नुसता शेजारी उभा राहून घड्याळाकडे बघत असे. दोन मिनिटांत माणूस आपण होऊन उठायचा. मग मोकल बसायचा, तोंडावर रुमाल टाकायचा आणि नागोठणं यायच्या आत घोरायला लागायचा. त्याला काहीही सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वाजता?" माझ्या मुलीचा दहावीचा निकाल मी पेढा देऊन सांगितला, तेव्हाही त्याने हेच विचारलं.

धाटावच्या केमिकल कंपन्यांमध्ये एक नियम आहे. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन आपल्या जागी उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. नियम शहाणपणाचाच आहे, उकळतं भांडं वाऱ्यावर टाकून घरी जाता येत नाही. पण हा नियम गेटच्या आत असतो, एवढं बाकी सगळ्यांना कळतं. मोकलला ते कधी कळलंच नाही.

पेणला त्याच्या भाचीचं लग्न होतं. कोणीतरी मामाच्या हातात वरणाची बादली दिली आणि पहिल्या पंगतीला वाढायला सांगितलं. इकडे मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, मामाला हाका मारून भटजींचा घसा बसला, आणि मामा दुसऱ्या पंगतीत वरण वाढतोय. बादली घ्यायला कोणी आलं नव्हतं. मुलीच्या पाठीशी शेवटी चुलता उभा राहिला. मोकलच्या बहिणीने त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं, आणि मला विचाराल तर तिने फारच लवकर माफ केलं.

दुसरी गोष्ट मात्र सांगताना माझी चीड जरा अडखळते. माझे वडील पेणच्या दवाखान्यात होते. तीन रात्री जागून मी डोळे लाल करून बसलेलो, तेवढ्यात मोकल भेटायला आला. मी त्याला म्हटलं, तासभर बसा, आंघोळ करून येतो. घरी गेलो, खाटेवर टेकलो आणि डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. धावत गेलो. मोकल स्टुलावर तसाच बसलेला. सकाळपासून पोटात काही नाही, आणि त्या दिवशी त्याची दुपारची सेकंड शिफ्ट बुडाली. मला बघून उठला आणि रिपोर्ट दिला: सलाईन चारला बदललं, खोकला दोनदा आला, पाणी तीन चमचे, तुमचं नाव तीनदा घेतलं. मग वडिलांच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "हात लावून घ्या, वैद्यसाहेब." मी हात लावला, तेव्हा तो गेला.

हात लावणं ही त्याची चार्ज द्यायची पद्धत. नुसतं तोंडी सांगितलेलं त्याला चालत नसे. रिलीव्हरला घेऊन तो प्लांटवर फिरायचा, प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतः हात लावायचा, मग त्याला लावायला लावायचा. पोरं कंटाळायची. घरी जायची वेळ झालेल्या माणसाला घरी न जाण्याची एवढी हौस का, हे कोणालाच उमगत नसे. त्याच्याकडे टिकला तो एकच, किरण.

किरण रोह्याचा, तिशीतला, कंत्राटी ऑपरेटर. तो पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी यायचा, येताना थर्मासमधून मोकलसाठी बिनसाखरेचा चहा आणायचा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला मुकाट हात लावायचा. नऊ वर्षं हे चाललं. दोघांची भेट रोज या पंधरा मिनिटांपुरती. एकाचं काम संपायचं तिथे दुसऱ्याचं सुरू व्हायचं, त्यामुळे ते एकत्र जेवलेले किंवा कुठे गेलेले कोणी पाहिले नाहीत. मोकलने आयुष्यात कुणाचं कौतुक केलं असेल तर ते किरणचं, तेही दोन शब्दांत: "येतो वेळेवर."

किरण आणि बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा सचिन रोह्यात एका खोलीत राहत. चार वर्षं कोणाची हरकत नव्हती. सगळे म्हणत, दोस्त आहेत. मग कोणीतरी दोघांचा एक फोटो फिरवला, आणि ज्यांना चार वर्षं माहीतच होतं त्यांनाच धक्का बसला. घरमालकाने सामान रस्त्यावर ठेवलं. आठवड्याभरात कंत्राटदाराने किरणचा गेटपास काढून घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, कंपनीचं वातावरण बिघडतं. धाटावच्या वातावरणाबद्दल एवढी काळजी मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

किरणच्या जागी बदली पोरगा यायला लागला, रोज तास-दोन तास उशिरा. लॉगबुकात शेवटचा रकाना असतो: रिलीव्हरचं नाव, वेळ, सही. बदली पोरगा समोर उभा असताना मोकलने त्यात लिहिलं, 'किरण. आला नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. साहेबाने बोलावून विचारलं, तेव्हा म्हणाला, नाय आला तर नाय आला असंच लिहिणार. मी बसमध्ये त्याला समजावलं. म्हटलं, मामा, आठ-नऊ महिन्यांत रिटायर होताय, कशाला नसती भानगड? ही बाकीची प्रकरणं तुम्हाला तरी पटतात का? त्याने खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, "त्याच्या घरात कोन राहतो ते लॉगबुकात कुठल्या रकान्यात लिवायचं, तेवढं सांगा." आणि रुमाल तोंडावर टाकला.

मग या सगळ्याविरुद्ध रोह्यात एक मोर्चा झाला. पनवेल-मुंबईची काही मुलंमुली, नागोठण्याकडचे चार-पाच तृतीयपंथी, महाडहून आलेलं एक जोडपं, आणि किरण-सचिन. सप्तरंगी झेंडे घेऊन तहसील कचेरीसमोर उभे राहिले. परवानगी कोपऱ्यात उभं राहायची होती. पण बघ्यांची गर्दीच इतकी झाली की कोपरा रस्त्यावर आला. मोर्चात साठ माणसं असतील, बघायला सहाशे, आणि सहाशेंच्या हातात सहाशे मोबाइल. एक गट घोषणा देत आला, रोह्याचं नाव खराब होतंय म्हणून. ढकलाढकली सुरू झाली. पोलिसांनी घोषणा देणाऱ्या गटाला घरी जायला सांगितलं आणि झेंडेवाल्यांना सरसकट उचललं. सरसकट म्हणजे अगदीच सरसकट: सातबारा काढायला आलेले दोन म्हातारे आणि एक शहाळेवालाही त्यात गेला.

आणि गेला मोकल. त्या दिवशी त्याची नाइट होती. बदली पोरगा सकाळी सातऐवजी दहाला आला, तोवर कंपनीची बस निघून गेलेली. मोकल रिक्षाने रोह्यात आला. घरी जायचं सोडून तो तहसील कचेरीकडे का गेला, हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, पंधरा दिवस न कळवता गैरहजर राहतो म्हणजे काय, जाब विचारायला नको? तिथे पोचला तर समोर आपली पांढरी बस उभी. झालं होतं असं की एवढी माणसं भरायला पोलिसांकडे गाड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी मधल्या वेळात रिकामी असणारी कंपनीचीच भाड्याची बस बोलावली होती. अकरा तास उभा राहिलेल्या माणसाने ती बस बघितली, चढला, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी बसला, रुमाल टाकला आणि झोपला. पुढच्या अर्ध्या तासात पोलिसांनी त्याच्याभोवती मोर्चा भरला.

त्या अटकेचा व्हिडिओ दुपारी आमच्या बसच्या ग्रुपवर आला. झेंडे, आरडाओरडा, पोलीस, आणि तिसऱ्या खिडकीत रुमालाखाली मोकल. मग काय, मंडळींना ऊत आला. मामा पण त्यातलाच निघाला. या वयात मामा. नऊ वर्षं चहा उगाच पीत नव्हता. पॅकिंगच्या एकाने असं काही लिहिलं की ते इथे लिहिता येणार नाही. ही सगळी माणसं मोकलने वेळोवेळी सांभाळलेली. कोणाच्या बारशाला, कोणाच्या तेराव्याला त्याने त्यांच्या जागी डबल शिफ्ट केलेली. मी चार ओळींचं उत्तर लिहिलं. मग पुसून टाकलं. रविवारी माझ्या मुलीला बघायला अलिबागची मंडळी येणार होती.

सगळ्यांना पोलिसांनी एका सभागृहात नेलं होतं. एक छापील कागद होता. पहिल्या ओळीत नाव-गाव, दुसऱ्या ओळीत: माझी चूक झाली, पुन्हा असं करणार नाही. सही केली की मोकळे. बाहेरगावच्यांना गाड्या पकडायच्या होत्या, म्हाताऱ्यांना सातबारा मिळायचा होता, सचिनला दुकानाची काच फुटल्याचा निरोप आलेला. दुपारी चारपर्यंत बहुतेक सगळे सह्या करून गेले. किरणने सही केली नाही. त्याचं म्हणणं, रस्ता अडला असेल तर तसं लिहा, सही करतो. पण माझी चूक कोणती ते आधी सांगा. बाहेर फाटकाशी चार पोरं उभी होती. किरण एकटा बाहेर पडायची ती वाट बघत होती, आणि हे आत सगळ्यांना माहीत होतं.

रमजानभाई आमचा ड्रायव्हर. बस सभागृहाशी लावून तो गेला होता; दुपारची पाळी दुसऱ्या गाडीने गेली. चारच्या सुमाराला बस न्यायला म्हणून तो आला, तर तिसऱ्या खिडकीत मोकल अजून झोपलेला. त्याने उठवून फौजदारांना सांगितलं की हे कंपनीचे मामा आहेत, चुकून आलेत. सगळे पोट धरून हसले. फौजदार बरा माणूस होता, म्हणाला, काका, पाणी प्या आणि घरी जा. मोकल पाणी प्यायला आत गेला. आत किरण बसला होता. मोकलने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला.

फौजदारांनी पुन्हा सांगितलं, तुम्हाला अटक नाही, कळलं का? कळलं, म्हणाला. मग जा की.

"जातो. रिलीव्हर आला की."

त्या दिवशी माझी सुट्टी होती. साडेचारला पेणला घरी माझा फोन वाजला. एका वाक्यात सगळं सांगून मोकल म्हणाला, रिलीव्हर म्हणून तुमचं नाव दिलंय. मी म्हटलं, बघतो. "बघतो म्हंजे? किती वाजता?" माझ्या तोंडून निघून गेलं, सहाला. फोन ठेवल्यावर मी त्याला अशा शिव्या घातल्या की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. नाव दिलंय! विचारलंस का मला? पेणमध्ये दुसरा माणूस नव्हता?

स्कूटर काढली. वडखळपर्यंत गेलो आणि नाक्यावर चहा प्यायला थांबलो. एक प्यालो, दुसरा सांगितला. समोरून अलिबागचा रस्ता फुटतो. रविवारी ती मंडळी इथूनच येणार होती. कपाळावर छाप घेऊन पोलिसांकडे जाऊन बसायचं, तेही कोणासाठी, तर ज्याच्याशी आपण कधी धड बोललोही नाही त्याच्यासाठी. कारण तयार केलं: स्कूटर बंद पडली. तेवढ्यात पेणहून इथवर येऊन रोह्याच्या एसटीची वाट बघत उभी असलेली मोकलची बायको रस्ता ओलांडून आली. हातात डबा, पिशवीत धुतलेला शर्ट.

"बरा झाला भेटलाव," ती म्हणाली. "तुमीपन तिकरंच निंगालाव ना?"

बंद पडलेल्या स्कूटरवर तिला बसवून मी रोह्याला गेलो. वाटेत तिने नवऱ्याला घातलेल्या शिव्या ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटा नव्हतो. पन्नास वर्षांची ही खोड हाय मेल्याची, म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली की पोर उपाशी असेल म्हणून भाकऱ्या चार जास्त घेतल्यात.

सात वाजत आले होते. मोकलने घड्याळ बघितलं. मी तोंड उघडायच्या आधी त्याने खिशातल्या वहीचं पान फाडलं, रेघा मारल्या आणि चार्ज द्यायला सुरुवात केली. हा कागद, यातली दुसरी ओळ काढली तर सही करतो. मोबाइल हवालदारांकडे, हे ते हवालदार. पाणी तिकडे. सकाळपासून जेवला नाय. बाहेर चार पोरं हायत, त्यांना भेटून नावं, बापाची नावं लिवून घेतलीत, ही यादी. मग त्याने किरणच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात लावून घ्या, वैद्यसाहेब."

हवालदार बघत होते. फाटकाची पोरं खिडकीतून बघत होती, एकाने मोबाइल वर धरला होता. किरण मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी हात लावणार नाही अशी त्याची खात्री आहे. वडिलांचा पाय मला त्या वेळी आठवला, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला लाज वाटली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट घामाने भिजलेला होता. पानावर माझं पूर्ण नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली.

मामी म्हणाली, मीपन बसते. मोकल म्हणाला, एका जागेवर एकच माणूस. सेकंड तुमची, वैद्यसाहेब, नाइटला रमजान, फर्स्टला मी. आणि बायकोला घेऊन तो गेला. मी त्याच्या खुर्चीवर बसलो.

माझ्या पाळीबद्दल सांगण्यासारखं काही नाही; डास फार होते. अकराला रमजानभाईने हात लावून चार्ज घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच कमी असताना मोकल हजर झाला. आमच्या ग्रुपवर आता माझाही व्हिडिओ फिरत होता. तिघे ग्रुप सोडून गेले. एका संघटनेने तहसीलदारांना निवेदन दिलं. कोणी माझ्या घरी फोन करून बायकोला विचारलं की मिस्टरांचं काय चाललंय. आणि मग, ज्याने सगळ्यात घाण लिहिलं होतं त्या पॅकिंगवाल्याचाच मेसेज आला: आजची सेकंड कोणाची आहे? मला अजून कळलेलं नाही की अशा माणसांचं काय करायचं. रागही धड ठेवू देत नाहीत.

त्याला यावं लागलं नाही. दुपारी फौजदारांनी वैतागून दुसऱ्या ओळीवर काट मारली, किरणने सही केली, आणि मोकलबरोबर तो फाटकातून बाहेर पडला. फाटकाशी कोणी नव्हतं. बापाची नावं लिहून घेतल्याचा तो परिणाम असावा.

अलिबागची मंडळी रविवारी आली नाहीत. कोणीतरी आजारी पडल्याचं कळवलं. मुलगी म्हणाली, सुटलो.

गेटपास मात्र परत मिळाला नाही. किरणने पनवेलला काम धरलं. दोघांना पेणला खोली मिळाली, तीही तीन दारांतून नकार घेऊन चौथ्या दारात. मोकल आठ महिने रोज लिहीत राहिला: 'किरण. आला नाही.' दोन मेमो मिळाले, ते त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याबरोबर ठेवले.

त्याच्या शेवटच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. शाल, नारळ, साहेबाचं भाषण. मोकलचं सगळं लक्ष घड्याळात. पावणेतीनला तो उठला आणि बदली पोराला जागेवर उभं करून गेटकडे चालायला लागला. मी मागोमाग. गेटच्या बाहेर किरण उभा होता, हातात थर्मास. आत यायची परवानगी नव्हती. मोकल बाहेर गेला, चहा प्यायला, आणि खिशातून लॉगबुकासारखे रकाने आखलेली चिठ्ठी काढली. किरणने ती बसच्या पत्र्यावर धरून सही केली. रडत होता. मोकलने त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. आजच्या पानाचा शेवटचा रकाना मोकळा ठेवलाय, म्हणाला, तिथं चिकटवा.

तसा मोकल मला शेवटचा दिसला: गळ्यात शाल, काखेत नारळ, किरणला पुढे घालून बसच्या पायऱ्या चढताना. बसमध्ये त्याने किरणला तिसऱ्या खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मग तो गावी गेला, पुढे गुडघे धरले, आता पेणला फारसा येत नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'किरण. आला. २.४५.' मी ती लॅबमधल्या गोंदाने चिकटवली आणि पान घट्ट दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी मेमो आला, बावीस वर्षांतला माझा पहिला. संध्याकाळी मी मोकलला फोन करून सांगितलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी, मी म्हटलं. पिशवीत घालून ठेवा, म्हणाला, आणि फोन ठेवला.